बाईंनी न काढलेला फोटो

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माहेरी सगळे म्हणत आणि मी ते कौतुक म्हणून ऐकत असे. साताऱ्याला आमच्या आळीत माझ्याशी भांडायला फारसं कुणी धजावत नसे. त्या रागापायी मी आयुष्यात मैत्रिणी गमावल्या, एक चांगली नोकरी गमावली, पण त्यातल्या कशाचं मला फार वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. ती जर्मनीत घडली, साठ सालानंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत, आणि ती ज्यांच्याबरोबर घडली त्या बाई जन्माने मेक्सिकोच्या होत्या.

त्यांना मी बाई म्हणायचे, कारण त्या शिक्षिका होत्या आणि शाळेतल्या शिक्षिकेला दुसरं काय म्हणायचं हे मला माहीत नव्हतं. दिवसा त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मोठ्या माणसांना फोटो काढायला शिकवत, आणि आमच्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर उतरत्या छपराच्या खोलीत एकट्या राहत. कुणा जर्मन माणसाशी लग्न करून त्या लढाईनंतर इकडे आल्या होत्या. तो माणूस पुढे कुठे गेला हे इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं ठाऊक होतं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हे तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत यंत्रांवर डॉक्टरेट करत होते, आणि मी लग्नानंतर आठ महिन्यांनी बोटीने येऊन पोचले होते. लढाईत बॉम्बने पडलेल्या घरांच्या जागी बांधलेली ती इमारत, भिंतींना अजून चुन्याचा वास. सगळ्यांनी आळीपाळीने जिना धुवायचा असा तिथला नियम. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक पाटी अडकवली जाई. ती पाटी पहिल्यांदा आमच्या दाराला लागली तेव्हा मी पदर खोचून, बादली घेऊन, घरी अंगण धुवावं तसा खळाखळा पाणी ओतून जिना धुतला. पाणी तळमजल्यावरच्या आजींच्या दारातून आत गेलं. आजी बाहेर येऊन जे बोलल्या त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, त्यामुळे मीही मराठीतून मनसोक्त बोलून घेतलं.

त्याच वेळी बाई वरून उतरत होत्या. खांद्यावर लाकडी तिकाटणं, हातात पेटीएवढा कॅमेरा. मला बघून त्या थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "दार्फ इश?" म्हणजे, काढू का? मी ओल्या साडीत, हातात फडकं, केस सुटलेले. "नाइन," मी म्हटलं. नाही म्हणजे नाही. त्यांनी मान हलवली, आभार मानले आणि पाण्यातून जपून पावलं टाकत निघून गेल्या.

मला नवल वाटलं. साताऱ्याचा आमचा फोटोवाला हनुवटी धरून मान फिरवायचा, "ताई, हसा" म्हणून ओरडायचा, आणि फोटो काढू का असं त्याने जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. पैसे दिलेत, बसलात, की काढला. नाही म्हटल्यावर आभार मानणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

हळूहळू कळलं की बाई आमच्या अख्ख्या गल्लीचे फोटो काढताहेत. प्रत्येक घरचे, त्यांच्या त्यांच्या उघड्या दारात उभे राहून. कुणी कुणाशेजारी उभं राहायचं, हातात काय घ्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एक प्रत त्या माणसाला फुकट, आणि त्याने परवानगी दिली तर एक शाळेच्या दालनात लावायला. तळमजल्यावरच्या आजी आपल्या दारात उभ्या राहिल्या त्या नवऱ्याचे पॉलिश केलेले बूट शेजारी ठेवून. तो रशियाला गेला होता आणि परत आला नव्हता. बूट कशाला म्हणून बाईंनी विचारलं नाही. फक्त बूट नीट दिसावेत म्हणून कॅमेरा खाली घेतला. हे मला आजींनीच नंतर सांगितलं, आमचं भांडण मिटल्यावर.

बाईंची नि माझी ओळख वाढली ती भाषेमुळे. त्यांचं जर्मन अस्खलित होतं, पण त्यांचा र आपल्यासारखा खडखडीत होता, त्यामुळे त्यांचं बोलणं मला इतरांपेक्षा लवकर कळे. त्या मिरच्या खात. त्यांना भाजलेल्या मिरचीचा ठेचा दिला तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटाने आलं नव्हतं हे मला कळलं. मग त्या शनिवारी दुपारी आमच्याकडे चहाला येऊ लागल्या. हे म्हणायचे, "जा, आता तुला बोलायला माणूस मिळालं, माझे कान वाचले."

दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. आईचं निळं पत्र आलं. "सातवा लागला की वाडी भरायची. इथे असतीस तर मी भरली असती. तिथे फुलं मिळतील ती घे, पण फोटो काढून पाठव. पाठीमागे आरसा ठेवायला विसरू नकोस, वेणी दिसली पाहिजे." आमच्याकडे घरोघरी असा एक फोटो असे. पहिलटकरीण हिरव्या साडीत बसलेली, अंगावर फुलांचे दागिने, मागच्या आरशात फुलांनी मढवलेली वेणी. माझ्या आईचा होता, मोठ्या बहिणीचा होता. माझा मात्र राहून जाणार या विचाराने मला त्या परक्या देशात पहिल्यांदा रडू आलं.

मी वर जाऊन बाईंना सगळं हातवारे करून समजावलं. आरसा म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "आरसा अवघड," त्या म्हणाल्या. "आरसा असला की फोटोत फोटो काढणारा शिरतो."

मे महिन्यातला रविवार होता. तिथे त्या दिवसांत घंटांसारखी बारीक पांढरी फुलं येतात, त्यांना मोगऱ्याच्या जवळपासचा वास असतो. बाईंनी त्यांचे जुडगे आणले. आजी सुईदोरा घेऊन वर आल्या आणि आम्ही तिघींनी सकाळभर बसून बाजूबंद, कंबरपट्टा, वेणी असं सगळं ओवलं. यांनी कपाटाचं आरशाचं दार स्क्रू काढून उतरवलं. शिवाय माझ्यामागे लावायला ड्रॉइंगच्या जाड कागदाचा चंद्र कापला, कंपास लावून, इतका काटेकोर की तो चंद्र कमी आणि यंत्राचा भाग जास्त दिसत होता. बोटीत फुटून उरलेल्या हिरव्या बांगड्या मी दोन्ही हातांत वाटून भरल्या.

मला दारात खुर्चीवर बसवलं. त्यानंतर तासभर बाई आरसा अंगठ्याएवढा इकडे, अंगठ्याएवढा तिकडे करत होत्या. काळ्या कापडात शिरायच्या, बाहेर यायच्या, पुन्हा आरसा हलवायच्या. माझी पाठ दुखू लागली. "आत्ता तरी दिसते ना वेणी?" मी म्हटलं.

"वेणी मघाशीच दिसली. मीही दिसतेय, ते नको," त्या म्हणाल्या. "घर तुमचं आहे."

शेवटी सगळं जमलं. फोटो काढायला दाबायचा कॅमेऱ्याचा रबराचा फुगा हातात धरून त्या उभ्या राहिल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "दार्फ इश?"

मला हसू फुटलं. "आता विचारता? सकाळपासून एवढं सगळं करून?"

"आताच विचारायचं असतं. आधी विचारलं तर माणसाला माहीत नसतं आपण कशाला हो म्हणतोय."

मी हो म्हटलं. त्या अंधुक जिन्यात उजेड कमी, म्हणून दोन सेकंद अजिबात हलायचं नव्हतं. मी हलले नाही. पण पोटातून अशी सणसणीत लाथ आली की माझा पोटावरचा हात उडाला. फोटोत बाकी मी अगदी रेखीव आहे, फक्त तो हात धूसर आला आहे. बाईंनी दुसरा काढायची तयारी दाखवली. मीच नको म्हटलं. "राहू द्या," म्हटलं, "फोटोत दोघंही आलो."

जून महिन्यात शाळेच्या दालनात आमची गल्ली लागली. ओळीने चाळीसेक दारं. बाईंनी मला विचारलं होतं, लावू का? मी तोऱ्यातच होते. लावा म्हटलं. माझा फोटो मधोमध होता आणि त्याच्यापुढे सर्वांत जास्त माणसं उभी राहत होती. पाववाल्याच्या दुकानात अनोळखी बायका मला हात मिळवून अभिनंदन करू लागल्या. गावातल्या वर्तमानपत्राने तो छापला. ते कात्रण मी मोठ्या ऐटीत सासूबाईंना पाठवलं.

सासूबाईंचं उलट टपाली पत्र आलं. "पोटुशी बाईचा फोटो कुणी गावभर लावतं का? परक्या मुलखात कुणाची नजर कशी असते कोण जाणे. आधी मीठमोहऱ्या ओवाळून टाक." मी यांना ते पत्र वाचून दाखवलं आणि दोघंही हसलो. पण हे इन्स्टिट्यूटला गेल्यावर मी मीठमोहऱ्या ओवाळल्याच. विजेच्या शेगडीवर टाकल्या, तर घरभर धूर झाला आणि आजी काळजीने वर आल्या. करपलं, असं मी त्यांना सांगितलं.

नवव्या महिन्याच्या सुरुवातीला एके दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही हललेलं नाही. मी पाणी प्यायले, डाव्या कुशीवर झोपले, गूळ नव्हता म्हणून साखर खाल्ली. संध्याकाळी हे आल्यावर आम्ही टॅक्सी करून हॉस्पिटलात गेलो. तिथल्या सुईणीने पोटाला लाकडी नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग जागा बदलून ऐकलं. तिच्या तोंडाकडे बघत असताना मला जे कळायचं ते कळलं, डॉक्टर नंतर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळंत झाले. कळा सगळ्या तशाच आल्या, त्यांत काही सूट नव्हती. नर्स म्हणाली, मुलगी. आणि कापडात गुंडाळून ती माझ्या पायांकडूनच बाहेर घेऊन गेली. "बेसर झो," जाताजाता म्हणाली, असंच बरं. त्या काळी तिथे तशीच रीत होती, आईला दाखवायचं नाही. आपल्याकडेही ते वेगळं नव्हतं. बघू नये, जीव गुंततो, नाव ठेवू नये, विषय काढू नये, हे मी आमच्याच आळीत बायकांना बजावताना ऐकलं होतं. म्हणून मी नर्सला थांबवलं नाही. भिंतीकडे तोंड केलं.

हे आत आले. आधी मीच बोलले. "मी बघितलं नाही. तुम्हीही बघायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

यांनी मान खाली घातली. मग म्हणाले की दफन त्यांना स्वतः करायचंय, तशी परवानगी ते मागून घेतील. "आपल्याकडेही तान्ह्यांना पुरतातच," असं म्हणून ते परवानगीच्या कागदपत्रांमागे लागले.

दुपारी बाई आल्या. कुठून कळलं त्यांना, आजींकडून असेल. हातात पांढरी फुलं आणि खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. खुर्ची ओढून त्या बसल्या. एक शब्द न बोलता त्या माझा हात धरून बसल्या असत्या, तर पुढचं काही झालं नसतं. पण त्या हलक्या आवाजात सांगू लागल्या. त्यांच्या गावाकडे तान्हं मूल गेलं की त्याला पांढरे कपडे घालतात, फुलं वाहतात आणि आईच्या मांडीवर ठेवून फोटो काढतात. त्यांचा एक भाऊ असाच गेला, त्यांच्या जन्माच्या आधी. आईच्या खोलीत त्याचा फोटो होता. "माझी आई म्हातारपणी सगळं विसरली. पण त्याचा चेहरा तिच्याकडे होता." मग त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "तुम्हाला मांडीवर नको असेल तर नुसता तिचा. आज नाही तर पुन्हा कधीच नाही. दार्फ इश?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आदल्या दिवसापासून कुणावर तरी तुटून पडायचं होतं आणि समोर कॅमेरा आला. मी उठून बसले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण तितकं स्वच्छ जर्मन मी त्याआधी कधी बोलले नव्हते. "माझ्या मुलीला तुमच्या कॅमेऱ्याने खाल्लं," मी म्हटलं. "सगळ्या गावाला दाखवलीत तिला. आता मेलेली पण दाखवायची आहे का? तुम्हाला स्वतःला मूल नाही, म्हणून दुसऱ्यांची गोळा करता." आणि तीनदा ओरडले, नाइन, नाइन, नाइन.

शेजारच्या खाटेवरची बाई रडायला लागली. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि गेल्या. या वेळीही त्या आभाराचं "डांके" म्हणाल्या की नाही, ते मला आठवत नाही. फुलं तिथेच राहिली, ती मी नर्सला फेकून द्यायला लावली.

मी घरी आले तोवर शाळेच्या दालनातून माझा फोटो उतरवला गेला होता. हेही आजींनीच सांगितलं. मधोमध रिकामा खिळा ठेवलाय म्हणाल्या, बाकीचे सरकवले नाहीत. मी म्हटलं, बरं झालं.

त्यानंतर नऊ महिने मी बाईंशी बोलले नाही. एका जिन्यात राहून हे सोपं नसतं. त्यांची पावलं ओळखून मी दाराआड थांबायचे. त्यांनाही माझी कळत असावीत, कारण त्याही वर थबकायच्या. शनिवारी दुपारी चहाच्या वेळेला मला काम सुचेनासं होई, मग मी नसलेली धूळ झाडायचे. घरात आम्ही दोघं नीट वागत होतो, फार नीट. हे वेळेवर येत, भाजी चिरून देत, जिन्याची पाळी आली की स्वतः जिना धूत. रविवारी फिरायला म्हणून एकटे जात आणि बुटांना ओली माती लावून परत येत. कुठे जाता, मी विचारलं नाही. तो विषय आमच्यात निघालाच नाही.

आणि त्या सगळ्या दिवसांत मला एकच वेड लागलं होतं, हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. मला तिचा चेहरा हवा होता. नुसती कल्पना करून जमत नव्हतं. कधी माझ्या बहिणीच्या मुलीचं तोंड डोळ्यांपुढे येई, कधी कुठल्याशा दुधाच्या डब्यावरचं बाळ. दूध माझं महिनाभर येत होतं आणि ते कुणासाठी येतंय त्याला तोंडच नव्हतं. मग मनाने एक आधार शोधून काढला: बाई त्या दिवशी कॅमेरा घेऊन खाली, तिला ठेवलं होतं तिथे, गेल्या असतील. मी ओरडले तरी त्यांनी काढलाच असेल. फोटोवाली बाई ती, एवढी संधी सोडेल का? वर त्यांच्या खोलीत, कुठल्या तरी खोक्यात, माझी मुलगी आहे. त्या विचारावर मी हिवाळा काढला. राग होता म्हणून मागायला जात नव्हते, आणि आहे म्हणून घाईही नव्हती.

एप्रिलमध्ये जिन्यात खोकी दिसू लागली. बाईंना दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, त्या घर सोडत होत्या. माझं धाबं दणाणलं. दोन दिवस मी खोकी खाली जाताना दाराच्या भोकातून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच दार वाजवलं.

त्या आत आल्या नाहीत. माझ्या हातात त्यांनी एक पाकीट दिलं. "आरशाच्या फोटोची निगेटिव्ह आणि शाळेतली प्रत," त्या म्हणाल्या. "ही माझ्याकडे नको. तुमची आहे."

मी पाकीट उघडलं नाही. "आणि दुसरा?" मी विचारलं.

"कुठला दुसरा?"

"हॉस्पिटलातला. तुम्ही काढलाच असेल. मी रागावणार नाही. मला फक्त द्या."

"नाही काढला," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात."

मी त्यांना दंडाला धरून हलवलं. इतका राग मला हॉस्पिटलातही आला नव्हता. "माझं कशाला ऐकलंत? मी शुद्धीवर होते का? बाळंतीण बाई काय बोलते ते कुणी ऐकतं का? आयुष्यभर शिकवता तुम्ही, एवढं कळलं नाही तुम्हाला?"

त्यांनी दंड सोडवून घेतला नाही. "या गल्लीत मी सगळ्यांना विचारलं," त्या सावकाश म्हणाल्या. "नाही म्हटलेलं ऐकायचं नसेल तर विचारणं खोटं होतं. मी तेव्हा असाच विचार केला. आता रोज वाटतं, चुकलं. रोज वाटतं, बरोबर होतं. मला अजून कळत नाही."

मी उंबऱ्यातच खाली बसले. त्याही जिन्याच्या पायरीवर टेकल्या. आम्ही दोघी रडलो, पण एकमेकींसाठी नाही, आपापलं. मी म्हटलं, "मी जे बोलले ते वाईट बोलले." "हो," त्या म्हणाल्या. त्यांनी ते खोडून काढलं नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "काढला नाही. पण मी तिला बघितलं."

त्या दिवशी बाई माझ्या खोलीतून बाहेर पडल्या तेव्हा बाहेरच्या नर्सला वाटलं होतं की आईने परवानगी दिलीय, म्हणून ती बाईंना थेट मुलीला ठेवलेल्या खोलीत घेऊन गेली आणि कापड बाजूला केलं. बाईंनी पिशवी उघडलीच नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. "माझा धंदाच बघायचा आहे. जेवढं नीट बघता येईल तेवढं बघितलं. म्हटलं, कधी विचारलंत तर सांगता यावं. तुम्ही विचारलं नाहीत तोवर सांगायचा मला हक्क नव्हता." आणि मग पहिल्यांदाच त्यांनी मला हात लावला. अंगठा माझ्या हनुवटीच्या मधोमध टेकवला. "इथे तिला खळी होती. खोल. तुम्हाला नाही तशी."

आणखीही सांगणार होत्या, पण खालून सामानवाल्याने हाक मारली. गाडी थांबायला तयार नव्हती. बाई उठल्या, माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि घाईने उतरून गेल्या. मी त्यांना पत्ता विचारला नाही. तेवढंही सुचलं नाही मला.

संध्याकाळी हे आले. बाहेर अजून स्वच्छ ऊन होतं. मी भात वाढला, आमटी वाढली, समोर बसले आणि यांच्या हनुवटीकडे बघत राहिले. यांना खळी आहे. दाढी करताना तिथे नेहमी चार केस राहून जात आणि मी त्यावरून यांना चिडवत असे. दोन वर्षं रोज बघितलेली ती हनुवटी मला बघवेना.

"तिच्या हनुवटीला खळी होती," मी म्हटलं.

यांचा घास हातातच राहिला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी तो विषय काढला होता. कुणाच्या, कसली, असं काही यांनी विचारलं नाही. कोणी सांगितलं, असंही नाही. ताटाकडे बघत अगदी हळू म्हणाले, "मला माहीत आहे."

मला आधी कळलंच नाही.

"झाकण ठोकायच्या आधी मी त्या माणसाला पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं," हे म्हणाले. "बराच वेळ बघितलं मी तिला. तू गळ्याची शपथ घातली होतीस. मी मोडली. तुला काही झालं असतं तर, म्हणून बोललो नाही. नंतर रोज वाटायचं सांगावं. पण सांगितलं की शपथ मोडल्याचं कळणार, आणि तुझा राग…"

माझ्या रागाला घाबरून एक माणूस माझ्या मुलीचा चेहरा घेऊन नऊ महिने माझ्या शेजारी झोपत होता. समोर बसून जेवत होता. मी खोक्यांकडे भोकातून बघत होते आणि ती इथे होती. त्या वेळी मला रागवायचं होतं, आणि मला आठवतं, मी खरोखर शोधला राग, पण तो कुठे सापडेना.

"सुटली म्हण," हे म्हणाले. लहान मुलं म्हणतात तसं. डोळे पुसत नव्हते, तसेच वाहू देत होते. "शपथ सुटली म्हण, मग सांगतो."

"सुटली," मी म्हटलं. "अहो, सुटली. सांगा आता. केसांपासून सांगा."

यांनी ताट बाजूला सारलं आणि केसांपासून सांगायला सुरुवात केली.